अखंड कागदाचा जनक

ज्या पानावर ही ओळ तुम्ही वाचत आहा, ते पान एके काळी जवळजवळ नुसते पाणी होते. कागदाच्या कारखान्यात लाकडाचा लगदा यंत्रावर सोडतात, तेव्हा त्या १०० किलो मिश्रणात तंतू अवघा १ किलो आणि पाणी ९९ किलो, असे साधारण प्रमाण असते. हे मिश्रण ताकाहूनही पातळ दिसते. एवढे पाणी घालण्याचे कारण असे, की लगदा दाट असला तर त्यातील तंतू एकमेकांत गुंतून त्यांच्या गुठळ्या होतात आणि कागद कोठे जाड तर कोठे विरविरीत उतरतो. तेव्हा कागद करावयाचा म्हणजे तंतू आधी भरपूर पाण्यात पोहते करावयाचे आणि मग तेच पाणी पुन्हा काढून टाकावयाचे. पाणी घालणे सोपे. ते काढणे महाकठीण. या कठीण कामासाठी अखंड धावणारी चाळणी प्रथम ज्याने बांधली, त्या लुई निकोला रोबेर या फ्रेंच माणसाचे हे चरित्र आहे.

रोबेरचा जन्म २ डिसेंबर १७६१ रोजी पॅरिस येथे झाला. लहानपणी तो प्रकृतीने अशक्त आणि स्वभावाने अतिशय संकोची होता. खेळात तो मागे पडे. परंतु अभ्यासात त्याचे मन रमे. मिनिम पंथाच्या ख्रिस्ती साधूंकडे त्याचे शिक्षण झाले आणि तेथे गणित व विज्ञान या विषयांचा त्याचा पाया पक्का झाला. आपल्या शिक्षणाचा भार आईवडिलांना सोसावा लागतो, याचे त्याला फार वाईट वाटे. त्या काळी अमेरिकेतील वसाहती इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्यासाठी लढत होत्या. त्यांच्या साहाय्यासाठी सैन्यात जावे, म्हणजे आईवडिलांचा भारही हलका होईल, असे मनात आणून पंधराव्या वर्षीच तो भरतीसाठी गेला. सैन्याने त्याला परत पाठविले. त्याने चार वर्षे वाट पाहिली आणि १७८० साली तोफखान्यात प्रवेश मिळविलाच. पुढच्याच वर्षी त्याची रवानगी अटलांटिक महासागरापलीकडील सँ दोमँग या फ्रेंच वसाहतीत झाली. आज त्या भूमीस हैती म्हणतात. तेथे तो इंग्रजांशी लढला. पुढे ज्या इंग्रजांच्या देशात त्याचे यंत्र नावारूपाला यावयाचे होते, त्यांच्याशी त्याची पहिली गाठ ही अशी तोफांच्या धुरात पडली!

सैनिकी पेशा सोडल्यावर रोबेर पॅरिसमधील दिदो घराण्याच्या पदरी कारकून म्हणून राहिला. दिदो हे त्या काळचे नामांकित मुद्रक व प्रकाशक. मुद्रिते तपासण्याचे कामही रोबेरने तेथे केले. त्याची चिकाटी पाहून मालकांनी त्याला आपल्या कागदाच्या कारखान्यावर कामगारांचा निरीक्षक म्हणून पाठविले. हा कारखाना पॅरिसच्या दक्षिणेस एसोन या गावी होता. तो फार जुना असून सरकारी चलनासाठी लागणारा कागद तेथे तयार होई. १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. क्रांतीबरोबर जाहीरनामे आले, वर्तमानपत्रे आली, कागदी चलन आले. आणि कागदाची मागणी कधी नव्हती एवढी वाढली.

आता त्या वेळी कागद कसा करीत, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण त्यावाचून रोबेरच्या कल्पनेचे मोल कळावयाचे नाही. लाकडाचा लगदा तेव्हा प्रचारात आलेला नव्हता. सुती व तागाच्या जुन्या चिंध्या कुटून लगदा करीत आणि तो कोमट पाण्याच्या हौदात ढवळून ठेवीत. कारागीर हौदाशी उभा राही. त्याच्या हातात तारांची चाळणी बसविलेली एक लाकडी चौकट असे. ती चौकट लगद्यात बुडवून तो आडवी उचली आणि मागेपुढे, उजवीडावीकडे हलका हेलकावा देई. पाणी तारांमधून खाली गळे, तंतू एकमेकांवर आडवेतिडवे बसत आणि चाळणीवर कागदाचा ओला पापुद्रा उरे. दुसरा कारागीर तो पापुद्रा लोकरीच्या नमद्यावर अलगद पालथा घाली. त्यावर दुसरा नमदा, त्यावर पुन्हा पापुद्रा, अशी चळत उंच झाली म्हणजे ती मळसूत्री दाबयंत्राखाली ठेवून अनेक माणसे तिचा दांडा ओढीत. मग एकेक ताव सोडवून माळ्यावर दोऱ्यांवर वाळत घालीत. आपल्याकडे जुन्नरचा कागद प्रसिद्ध होता; तोही असाच ताव-ताव करून हातानेच उचललेला असे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून खुंटीला टांगतात, ते तुम्ही पाहिले असेल. प्रथम पाण्याची धार लागते. थोड्या वेळाने धार तुटून थेंब पडू लागतात. पुढे थेंबही थांबतात. तरी दह्यात पाणी असतेच, आणि ते काढण्यासाठी पुरचुंडीवर वजन ठेवावे लागते. कागदाचेही तंतोतंत असेच आहे. तंतूंच्या मधल्या मोकळ्या जागेतील पाणी आपोआप गळते. तंतूंना बिलगून राहिलेले पाणी दाबल्यावाचून निघत नाही. आणि तंतूंच्या अगदी अंगात मुरलेले पाणी दाबूनही हटत नाही. त्याला उष्णताच लागते. हौदावरची चाळणी, मळसूत्री दाब आणि माळ्यावरची दोरी या तीन वस्तू म्हणजे या तीन पायऱ्या होत.

या पद्धतीचे दोन तोटे होते. एक असा, की कागदाचा ताव माणसाच्या दोन हातांत मावेल एवढाच होई. त्याहून मोठी चौकट पाण्याने जड होऊन उचलत नसे. दुसरा तोटा असा, की सारे काम थोड्या कुशल कारागिरांच्या मर्जीवर चाले. त्यांची संघटना बळकट होती. कोणाला कामावर घ्यावे आणि कोणाला घेऊ नये, हेही ते ठरवीत. एसोनच्या कारखान्यात रोज तंटे होत व निरीक्षक या नात्याने ते मिटविण्याचे काम रोबेरच्या वाट्याला येई. या कटकटींना कंटाळून, ज्याला इतक्या हातांची गरज लागणार नाही असे यंत्र करावे, असा विचार त्याच्या मनात आला. बहुतेक चरित्रकार येथे कारागिरांना दोष देऊन मोकळे होतात. ते मला न्याय्य वाटत नाही. दिवसभर कोमट पाण्यात हात घालून, ओली चौकट शेकडो वेळा उचलणाऱ्या माणसाने आपल्या कौशल्याची किंमत मागावी, यात वावगे काय? परंतु रोबेरची अडचणही खरी होती आणि त्या अडचणीतूनच शोध लागला, हेही खरे.

रोबेरने पहिली प्रतिकृती बनविली, ती सपशेल फसली. कारखान्याचा मालक सँ लेजे दिदो याने ती पाहिली आणि रोबेरचे मन या नादातून निघावे म्हणून त्याला काही महिने जवळच्या पिठाच्या गिरणीवर देखरेखीस पाठविले. पीठ चाळण्याच्या त्या गिरणीत रोबेरच्या डोक्यातून कागदाची चाळणी काही गेली नाही. सहा महिन्यांनी तो परत आला, तेव्हा दिदोनेच त्याला पुन्हा प्रयत्न करण्यास उत्तेजन दिले. आरंभी नाउमेद करणारा आणि मग पाठीवर हात ठेवणारा मालक एकच असावा, ही नवलाची गोष्ट खरी. नव्या प्रतिकृतीने बरे काम दिले. मग २४ इंच रुंदीचा कागद काढणारे मोठे यंत्र त्याने उभारले.

त्या यंत्राची रचना अशी होती. बारीक तारांच्या विणलेल्या पट्ट्याची दोन टोके जोडून त्याने एक अखंड चाळणी केली आणि ती दोन रुळांवर ताणून बसविली. विहिरीवरच्या रहाटाची माळ जशी फिरून फिरून येते, तशी ही चाळणी हाताने दांडा फिरविला की सारखी पुढे सरके. खाली लगद्याचा हौद होता. त्यातील लगदा पात्यांचे एक चाक वर उचलून चाळणीवर सोडी. चाळणी पुढे जाता जाता पाणी तारांमधून गळून पुन्हा हौदात पडे. शेवटी नमदा गुंडाळलेल्या रुळांमधून तो ओला पट्टा दाबून निघे आणि एका रुळावर गुंडाळला जाई.

यात नवे काय, असे कोणी विचारील. चाळणी जुनीच, नमदाही जुनाच. नवे ते एवढेच, की पूर्वी पाणी गळेपर्यंत चाळणी एका जागी धरून ठेवावी लागे. आता पाणी गळत असताना चाळणी चालत होती. बुडविणे, उचलणे, थांबणे, पालथे घालणे हा खंड नाहीसा झाला. त्यामुळे कागदाला टोकच उरले नाही. हातभर तावाच्या जागी १२ ते १५ मीटर लांबीचा सलग कागद निघू लागला. 

तथापि यंत्राने पाणी काढण्याची पहिली पायरी तेवढी चांगली साधली होती. दुसरी अर्धवट होती आणि तिसरी मुळीच नव्हती. गुंडाळलेला कागद इतका ओला असे, की तो काढून, कापून, पूर्वीप्रमाणेच दोरीवर वाळत घालावा लागे.

१७९८ साली रोबेरने या यंत्राच्या हक्कासाठी सरकारकडे अर्ज केला. हक्काची फी भरण्याइतके पैसे त्याच्यापाशी नव्हते. त्याने तसे सरकारला मोकळेपणाने कळविले. तज्ज्ञांनी यंत्र पाहून अनुकूल मत दिले. सरकारने ३,००० फ्रँकचे साहाय्य केले व १८ जानेवारी १७९९ रोजी पंधरा वर्षांचे एकाधिकारपत्र रोबेरच्या नावे झाले.

येथून रोबेरच्या दैवाचा फेरा उलटा फिरला. यंत्र कोणाचे, यावरून त्याचे आणि दिदोचे बिनसले. कल्पना व मेहनत रोबेरची, परंतु कारखाना, साहित्य आणि पैसा दिदोचा. अखेर रोबेरने यंत्र व हक्क दोन्ही २५,००० फ्रँकला दिदोस विकण्याचे मान्य केले. ही रक्कम हप्त्यांनी मिळावयाची होती, हप्ते थकले. रोबेरला न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि २३ जून १८०१ रोजी हक्क पुन्हा त्याच्याकडे आला. पण तोवर फार उशीर झाला होता. कारण यंत्राची कल्पना समुद्र ओलांडून गेली होती.

ती गेली ती अशी. फ्रान्समध्ये क्रांतीची धामधूम चालू असल्यामुळे यंत्राची सुधारणा इंग्लंडात करावी, असे दिदोने ठरविले होते. जॉन गॅम्बल नावाचा त्याचा एक इंग्रज मेहुणा होता. एसोनच्या यंत्रावरील लांब कागदाचे नमुने घेऊन गॅम्बल लंडनला गेला. तेथे हेन्री आणि सीली फोरड्रिनियर या कागदाच्या व्यापारी बंधूंनी ते पाहिले आणि त्यांचा विश्वास बसला. १८०१ मध्ये इंग्लंडात हक्क नोंदला गेला. तो गॅम्बलच्या नावे. यंत्र सुधारण्याचे काम ब्रायन डॉन्किन या तरुण व कुशल यंत्रज्ञाकडे सोपविण्यात आले. डॉन्किनने तारांची चाळणी लांब केली, हातकारागिराचा तो हेलकावा तिला यंत्राने दिला आणि दाबरुळांची रचना सुधारली. १८०३ साली हर्टफर्डशर परगण्यातील फ्रॉगमोर येथे त्याचे यंत्र चालू झाले. जगातील कागदाची यंत्रे पुढे याच नमुन्यावर झाली आणि त्यांना नाव पडले फोरड्रिनियर यंत्र. रोबेरचे नाव त्या यंत्रावर नाही.

पण ज्यांचे नाव लागले, त्यांची तरी काय अवस्था झाली? या यंत्रापायी फोरड्रिनियर बंधूंनी सुमारे ६०,००० पौंड खर्च केले आणि १८१० साली त्यांचे दिवाळे निघाले. तीस वर्षांनी, १८४० मध्ये, ब्रिटिश संसदेने नुकसानभरपाई म्हणून ७,००० पौंड मंजूर केले. हाताने कागद काढणारे कारागीरही देशोधडीस लागले. १८३० साली इंग्लंडात बकिंगहॅमशर परगण्यातील संतप्त मजुरांनी कागदाच्या गिरण्यांत शिरून यंत्रे फोडली.

पाण्याची उरलेली झुंज इतरांनी पुढे चालविली. १८२० साली इंग्लंडातील टॉमस क्रॉम्प्टन याने आतून तापविलेल्या रुळांवरून कागद वाळवीत नेण्याच्या पद्धतीचा हक्क मिळविला आणि माळ्यावरची दोरी गेली. १८४४ च्या सुमारास जर्मनीतील सॅक्सनी प्रांताच्या फ्रीडरिख केलर याने लाकूड दगडी चाकावर घासून त्याचा लगदा करण्याची रीत काढली. चिंध्यांची टंचाई त्यामुळे कायमची मिटली. लाकडाचा लगदा घासावा व कुटावा तितके त्याचे तंतू बारीक, पिंजलेले होतात. कागद घट्ट बनतो, पण पाणी मात्र अधिक हट्टाने धरून ठेवतो. चाळणीखाली हवा शोषून घेणाऱ्या पेट्याही बसविण्यात आल्या. त्या पाण्याला जणू खालून ओढून घेतात.

आजच्या मोठ्या यंत्राचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. १०० किलो पातळ लगद्यातील ९९ किलो पाण्यापैकी सुमारे ९५ किलो पाणी एकट्या चाळणीवर निघून जाते. उरते ४ किलो. दाबरुळ त्यातील पावणेतीन किलोच्या आसपास पिळून काढतात. म्हणजे वाफेच्या रुळांना उरते अवघे सव्वा किलो. आणि गंमत अशी, की कागद-यंत्रावर पाणी काढण्यासाठी लागणाऱ्या उष्णतेचा व इंधनाचा सर्वांत मोठा वाटा हे सव्वा किलोच खाऊन टाकते! कारण ते पाणी गळत नाही, पिळले जात नाही. त्याची वाफच करावी लागते. त्यामुळे दाबरुळांतून निघणारा कागद शेकडा १ ने जरी अधिक कोरडा निघाला, तरी वाफेत शेकडा ४ च्या जवळपास बचत होते, असा या धंद्यातील जाणकारांचा ठोकताळा आहे. दोन गोल रुळ एकमेकांना एका अरुंद रेषेतच टेकतात, त्यामुळे कागदावर दाब क्षणभरच पडतो. म्हणून १९८० च्या सुमारास एका रुळाच्या जागी खोलगट, रुंद दाबठोकळा बसविण्याची युक्ती निघाली. कागद दाबाखाली थोडा अधिक वेळ राहू लागला आणि अधिक कोरडा निघू लागला. वर्तमानपत्राचा कागद करणारी काही यंत्रे आज मिनिटाला दीड किलोमीटरहूनही अधिक लांबीचा कागद सोडतात. एवढ्या वेगात चाळणीवरून पाणी गळण्यास वेळ मिळतो तो अगदीच थोडा.

हा सारा विस्तार ज्याच्या यंत्रापासून झाला, तो रोबेर मात्र यापैकी फारच थोडे पाहू शकला. हक्क परत मिळाला खरा, पण यंत्र वाढविण्यास लागणारे भांडवल त्याच्यापाशी नव्हते. प्रकृतीही ढासळत चालली. १८१२ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्याने कागदाचा धंदा कायमचा सोडला आणि पॅरिसच्या पश्चिमेस असलेल्या वेर्नुये या गावी तो राहावयास गेला.

तेथे त्याने एक लहानशी शाळा काढली. लहानपणी ज्या विद्येचा खर्च आईवडिलांना झेपणार नाही म्हणून तो झुरला होता, तीच विद्या आता तो दुसऱ्यांच्या मुलांना देऊ लागला. उत्पन्न बेताचे होते. नेपोलियनच्या पराभवानंतर फ्रान्सला वाईट दिवस आले, तेव्हा तर त्याची मिळकत फारच तुटपुंजी झाली. इंग्लंडात, आणि पुढे खुद्द फ्रान्समध्येही, सुधारलेली कागद-यंत्रे चालू झाली; त्या यंत्रांचा एक पैसाही या शिक्षकाच्या घरी आला नाही. त्याने शाळा बंद केली नाही. ८ ऑगस्ट १८२८ रोजी, सहासष्टाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. तोपर्यंत तो शिकवीतच होता.

वेर्नुये गावात चर्चसमोर पुढे त्याचा पुतळा उभारण्यात आला. त्या गावातील एका शाळेलाही लुई निकोला रोबेर याचे नाव देण्यात आले आहे. फ्रान्समध्ये अशा शाळेला कॉलेज म्हणतात. पण तेथे शिकणारी मुले अकरा ते पंधरा वर्षांची, म्हणजे तुमच्याच वयाची असतात.